उजवं वळण

“असं कोण वळतंय ओ?” अंबिकानं माउस टेबलावर ठेवला. “ह्याला पाय हायत का न्हाईत?”

पडद्यावर आमचा जासूद गडाच्या तटावरून जीव खाऊन धावत होता. तो स्वतः दिसत नव्हता, कारण सगळा खेळ त्याच्याच डोळ्यांनी पाहायचा होता. दिसत होते ते त्याचे पुढेमागे होणारे हात आणि समोरची फरसबंद वाट. अंबिकानं माउस पुन्हा हलवला. एवढ्या वेगात धावणारा माणूस डोळ्याचं पातं लवतंय तोवर उलटा फिरला आणि तितक्याच वेगानं परत धावू लागला. टेबलफॅन फिरावा तसा.

“सगळ्या गेम्समध्ये असंच असतं,” केतन म्हणाला. केतन आमच्या कंपनीचा मालक. कंपनी म्हणजे तो, मी आणि चित्रं काढणारे दोघं जण.

“सगळीकडं असतंय म्हणून खरं हुतंय व्हय?”

मला ती त्याच क्षणी आवडली. गेलं वर्षभर मी केतनशी हेच भांडत होतो. धावणाऱ्या माणसाला वजन असतं, त्याला असं गर्रकन वळता येत नाही. आमच्या खेळात जासूद वळताना प्रत्येक खेळाडूला आपला पाय जमिनीत रुतल्यासारखा वाटला पाहिजे, असं माझं म्हणणं होतं. केतनला ते वेड वाटायचं, पण हौसेला मोल नसतं म्हणून त्यानं मला करू दिलं होतं.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. खाली पंपाचे सुटे भाग तयार करणारा कारखाना आणि वर आमचा लांबलचक हॉल. दिवसभर फरशीला बारीक थरथर असायची. मी पुण्याहून तिथं आलो होतो, ओळखीपाळखीचं कुणी नव्हतं. धावणारं माणूस शोधत शोधत मी मागच्या शाळेच्या मैदानावर गेलो, तर तिथं लोखंडे सर मुलींना खो-खो शिकवत होते. मी त्यांना माझं काम सांगितलं. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, “वळायचं शिकायचंय ना इंजिनियर? मग आमची अंबी घेऊन जा. तिच्यागत वळणारी पोरगी जिल्ह्यात न्हाई.”

अंबिका बंडगर तेव्हा चोवीस वर्षांची होती. वडणग्याहून सायकलनं यायची. त्या दिवशी तिनं मला हॉलच्या मधोमध उभं केलं आणि वळणं समजावलं.

“आधी डोळं वळत्यात. मग खांदा. कंबर सगळ्यात शेवटी. आणि उजवीकडं जायचं आसंल तर डावा पाय भायेर रवायचा, सगळं वजन त्या गुडघ्यावर घ्यायचं आन् ढकलायचं. मी पळतो तवा पाठीमागचीचा खांदाच बघतो. खांदा फिरला की तिला परत फिरता येत न्हाई, नियमच हाय तसा. मग मी दुसरीकडं.”

कोल्हापूरकडच्या मुली स्वतःबद्दल ‘पळतो, बघतो’ असंच बोलतात. मला आठवडाभर दचकायला व्हायचं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मैदानावर नोंदी घ्यायला लागलो. तिच्या हातापायांना, कमरेला, पाठीला सेन्सरच्या पट्ट्या बांधायच्या आणि कपाळावर छोटा कॅमेरा. मग ती पूर्ण वेगानं धावत यायची आणि खांबाला वळसा घालून निघून जायची. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. सेन्सर हालचाल टिपायचे, कॅमेरा तिची नजर टिपायचा. मला तेच हवं होतं. पट्ट्या बांधलेल्या अवतारात तिला पाहून बाकीच्या पोरी ‘अंबाक्का चंद्रावर चालली’ म्हणून चिडवायच्या आणि ती त्यांच्यामागे धावायची.

डावी वळणं पाहून मी हरखून गेलो. वेग जेमतेम कमी व्हायचा, नजर आधी कोपऱ्यापलीकडे जायची, मग सगळं शरीर तिच्यामागून यायचं. उजव्या वळणाला मात्र काहीतरी बिघडत होतं. खांबाच्या आधी दोन बारकी पावलं जास्त पडत होती आणि वळताना नजर एकदम खाली जात होती, पायरी चुकल्यावर जाते तशी. मी सेन्सर बदलले. पट्ट्या बदलल्या. नऊ वेळा नोंद घेतली. नऊही वेळा तेच.

“उजवीकडची नोंद नीट येत नाहीये,” मी तिला म्हणालो. “यंत्राचा काहीतरी घोळ आहे.”

ती पट्ट्या सोडत होती. म्हणाली, “यंत्राचा न्हाई.”

मग मैदानाच्या कडेला बसून तिनं सांगितलं. आदल्या वर्षी एका सामन्यात खांबापाशी डावा पाय रोवताना गुडघ्यात आत कायतरी तुटल्यागत झालं होतं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन, मग वर्षभर खेळ बंद. तिनं ऑपरेशन केलं नाही. वर्षभरात तिनं आपला सगळा खेळ डावीकडे बांधून काढला. कुठूनही, कशीही सुटका करून घ्यायची, पण डावीकडे. सामन्यात कुणाच्या ध्यानातही यायचं नाही.

“पण कशासाठी?” मी विचारलं.

“बावीस तारखेला निवड चाचणी हाय. सरकारी खात्याच्या संघात घेत्यात. संघात घेतलं म्हंजे नोकरी, कायमची. पुढल्या खेपेला माझं वय बसत न्हाई.” ती गुडघा चोळत होती. “घरात मामानं दोन स्थळं आणून ठेवल्यात. ऑर्डर आली की ऑपरेशन करून घेतो मी. त्येवढंच निभावायचंय.”

“लोखंडे सरांना माहीत आहे?”

“सरांनी मला कधी इचारलं न्हाई. आन् मी सांगितलं न्हाई.”

मी तिला म्हणालो, काळजी करू नकोस, खेळात मी उजवं वळण वापरणारच नाही. आमच्या धंद्यात एक सोय असते. एका बाजूची चांगली हालचाल घ्यायची आणि संगणकात आरशासारखी उलटवायची. सगळेच करतात. मी तिचं डावं वळण उलटवून उजवं तयार केलं. तिनं ते पडद्यावर पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ ती एकच खांब उजवीकडून फिरत राहिली. माउस सोडायला तयार नव्हती.

“मी असाच वळत होतो,” ती म्हणाली. “पयल्यांदा.”

लोखंडे सरांनीही एकदा येऊन ते पाहिलं. खेळून झाल्यावर ते माझ्या खुर्चीजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची, इंजिनियर. तुम्ही शहाणे आहात.” त्यांना सगळं माहीत होतं हे मला तेव्हा कळलं.

चाचणीच्या सहा दिवस आधी अंबिका हॉलवर आली. पट्ट्यांचं काम केव्हाच संपलं होतं. ती दारातच उभी राहिली.

“निरंजन सर, उद्या लोखंडे सर जांभळे साहेबांना घिऊन येणारेत. निवड समितीतलं हायत. त्यांनी माझं तीन सामनं बघितल्यात. त्यांना वाटायलंय, ही उजवीकडं का जात न्हाई. सर त्यांना म्हणलं, तिची पळती कॉम्प्युटरमधी मोजून ठेवलीया, चला दावतो.” ती थांबली. “ते उलटवलेलं हाय न्हवं, तेवढंच दावा.”

“अगं, खेळात दुसरं काही नाहीच. घाबरतेस काय?”

“मूळचं दावू नगासा.”

“नाही दाखवणार. शब्द देतो.”

मी अगदी मनापासून बोललो होतो. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

जांभळे साहेब साठीचे, शांत, स्वच्छ कपड्यांतले गृहस्थ होते. आपल्या तरुणपणी ते स्वतः खेळलेले. आल्यावर त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, अंबिकाची चौकशी केली, चहा नको म्हणाले. मी त्यांना खुर्चीवर बसवून माउस हातात दिला. केतन माझ्यामागे हाताची घडी घालून उभा होता. अंबिका आणि लोखंडे सर भिंतीकडेच्या बाकावर बसले होते.

साहेब जासुदाला घेऊन तटावरून धावले. चार-पाच वेळा डावीकडे वळले, मग उजवीकडे. मग उजवीकडेच, पुन्हा पुन्हा.

“छान आहे,” ते म्हणाले. “उजवीकडे फारच छान वळते.”

“म्हटलं नव्हतं साहेब?” लोखंडे सर म्हणाले. “सवयीनं डावी धरती, एवढंच.”

तिथं संपायला हवं होतं. पण साहेबांनी माउस खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसले. हसण्यात काही वाईट नव्हतं. “तुम्हा मंडळींचं बरं असतं हो. संगणकात काय, काहीही बनवता येतं. माणूस उडवायचा म्हटलं तर उडवाल. यात ती मुलगी कितीशी आणि तुमची चित्रकला किती, कोण सांगणार?”

मागे केतन हसला. “मी हेच म्हणतो याला,” तो म्हणाला. “चौदा महिने घालवलेत यानं यात. कुणाला फरक कळतो?”

मला राग आला. साहेबांचा नाही, केतनचा आला, पण निघाला साहेबांवर. “यात चित्रकला अजिबात नाही,” मी म्हणालो. “प्रत्येक वळण मोजलेलं आहे. एकही बनवलेलं नाही.”

“असू दे ओ इंजिनियर,” लोखंडे सर लगबगीनं उठले. “साहेबांना उशीर हुतोय. चला साहेब, खाली चहा चांगला मिळतो.”

मला इशारा कळला नाही. की कळला, पण थांबायचं नव्हतं, ते आज सांगता येणार नाही. मी मूळच्या नोंदींची फाइल उघडली आणि डावं वळण लावलं. एका बाजूला तिच्या कपाळावरच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं मैदान, दुसऱ्या बाजूला आमचा खेळ. पावलाला पाऊल जुळत होतं. साहेब पुढे वाकले. त्यांना ते खरोखर आवडलं. त्यांनी तीनदा लावायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मी चुकलो. माफ करा. हे फार मोठं काम केलंय तुम्ही.”

चौदा महिन्यांत असं कुणी बोललं नव्हतं.

“आता उजवं दाखवा,” ते म्हणाले.

हात माउसवरच होता. बाकावर काहीच हालचाल नव्हती. माझ्याकडे एक वाक्य होतं: उजवं मोजलेलं नाही साहेब, ते डाव्यावरून उलटवलंय. एवढं म्हटलं असतं तर साहेबांचा संशय राहिला असता, पण अंबिकाचा गुडघा उघडा पडला नसता. मी खोटा ठरलो असतो, बस्स. आत्ताच तर म्हणालो होतो, एकही बनवलेलं नाही. केतन हसला असता. साहेबांनी दिलेली शाबासकी परत घेतली असती. हे सगळं मी तीन-चार सेकंदांत नीट पाहिलं. म्हाताऱ्याला काय कळणार आहे, असंही मनात आलं. आणि मी उजवं वळण लावलं.

खांब जवळ आला. दोन बारकी पावलं पडली. नजर खाली गेली, मैदानाची माती पडद्यावर भरून आली, मग डगमगत वर आली.

“परत,” साहेब म्हणाले.

मी परत लावलं. आता नाही म्हणायला जागा नव्हती.

साहेब खुर्चीवर मागे टेकले. मग अंबिकाकडे न पाहता त्यांनी विचारलं, “बाळ, डावा गुडघा ना?”

“काय न्हाई साहेब,” अंबिका म्हणाली. “त्या दिशी पाय मुरगाळला हुता. आता बरा हाय.”

“खात्याला दुखावलेला खेळाडू घेता येत नाही. तू चांगली मुलगी आहेस, पण मी डोळ्यांवर कातडं ओढू शकत नाही. तपासणीचा कागद मागवावा लागेल.”

“बरा हाय, साहेब. दावतो की.”

ती उठली. तिनं चपला काढून बाकाखाली सरकवल्या, ओढणी कमरेला बांधली.

“अंबे, फरशी हाय,” लोखंडे सर म्हणाले. “अंबे, खाली बस.”

“एकदाच, सर.”

हॉलच्या दुसऱ्या टोकाला छताला टेकू दिलेला लोखंडी खांब होता. ती दारापर्यंत मागे गेली आणि तिथून सुटली. तिला पूर्ण वेगात धावताना मी महिनाभर पाहत होतो, तरी त्या बंद हॉलमध्ये तो वेग अंगावर आला. जास्तीचं पाऊल पडलं नाही. डोळे वळले, खांदा वळला. तिनं डावा पाय बाहेर रोवला, सगळं वजन त्यावर घेतलं आणि खांबाला उजवीकडून वळसा घालून ती परत आमच्याकडे निघाली. ते वळण आमच्या पडद्यावरच्या वळणाइतकंच देखणं होतं. मान ताठ होती, नजर तसूभरही खाली गेली नाही.

आवाज मी ऐकला. ओली काटकी मोडावी एवढासाच. खालच्या कारखान्याच्या घरघरीत तो साहेबांना ऐकू गेला नसावा. लोखंडे सरांनी ऐकला, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

अंबिका टेबलाशी येऊन थांबली. दोन्ही हात टेबलावर टेकले होते. चेहऱ्यावर हसू होतं.

“बघा साहेब.”

जांभळे साहेब उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. “मान गये,” ते म्हणाले. “माझा संशय फिटला. जुनी नोंद असेल ती. बावीसला सकाळी सातला या, पोरी. आता कागदबिगद काही नको.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि केतनला बरोबर घेऊन ते खाली गेले.

जिन्यावरची पावलं गेली. खाली गाडीचं दार लागलं, गाडी सुरू झाली, वळली, गेली. तोवर अंबिका हसतच उभी होती. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

“सर,” ती लोखंडे सरांना म्हणाली, “मला खाली बसवा.”

आम्ही दोघांनी तिला धरून फरशीवर बसवलं. गुडघा आमच्या डोळ्यांसमोर सुजत गेला. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त एकदा विचारलं, “पाच दिसात उतरंल न्हवं?” लोखंडे सर आपल्या रुमालानं तिचा पाय बांधत होते आणि गाठ त्यांना बसत नव्हती.

बावीस तारखेला सकाळी सात वाजता ती दवाखान्यात होती. निवड झाली, यादी लागली, तीत अंबिकाचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं की चालता येईल, जिने चढता येतील, पळण्याचं आता विसरायचं.

खेळाचं म्हणाल तर तो आठ महिन्यांनी आला. त्याआधी केतननं वीस मुलांना तो खेळायला देऊन पाहिला. त्यांतल्या तेरा जणांनी लिहून दिलं की वळताना जड वाटतं, वैताग येतो, एकाला तर चक्कर आली. केतननं मला बोलावून घेतलं. मी वाद घातला नाही. मी बसून माझ्याच हातानं ती सगळी नोंद काढून टाकली, आणि आमचा जासूद पुन्हा टेबलफॅनसारखा फिरायला लागला. एवढं करूनही खेळ चालला नाही. वर्षाच्या आत कंपनी बंद पडली.

पण ते नंतरचं. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी मी वडणग्याला तिच्या घरी गेलो होतो. त्याआधी जायचा धीर झाला नव्हता. ती सोप्यात कॉटवर बसली होती, मांडीपासून घोट्यापर्यंत पाय पट्ट्यात जखडलेला. तिच्या आईनं चहा दिला आणि ती आत गेली. आतून कुणा पाहुण्यांचे आवाज येत होते. तिच्या मामाचाही होता.

“लग्नाला वैशाखातली तारीख धरलीया,” अंबिका म्हणाली. “पाय कसा हाय ते सांगितलंय त्यांना. म्हणून मानपान वाढवून मागत्यात.”

बशीतला चहा निवत होता.

“निरंजन सर, एक इचारू?”

“विचार.”

“साहेब म्हणलं, उजवं दावा. तवा तुम्ही लगीच न्हाई दावलं. तीन-चार सेकंद थांबला हुता. मी तुमच्या हाताकडं बघत हुतो.” ती खरोखरच कुतूहलानं विचारत होती, रागाचा लवलेश नव्हता. “काय चाललं हुतं मनात?”

हे विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं सांगायची ती दुसरी संधी होती आणि ह्या वेळी माझ्यामागे हसायला केतनही नव्हता.

“मनात काही नव्हतं गं,” मी म्हणालो. “दुसरी फाइल शोधत होतो. उलटवलेली. ती सापडली नाही, आणि गडबडीत ही लागली.”

तिनं सुटकेचा श्वास सोडला. मग भिंतीला डोकं टेकून पहिल्यांदाच थोडीशी हसली.

“मी तेच म्हणलं सरांना. निरंजन सर मुद्दाम करणार न्हाईत, फाइल घावली नसंल. पण सर ऐकायलाच तयार न्हाईत. तुमचं नाव काढलं की उठून जात्यात.” तिनं चहाची बशी माझ्याकडे सरकवली. “तुम्ही एकदा जाऊन सांगा की त्यांना. त्यांच्या मनात उगंच राहाया नगं.”

मी सांगतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो आणि लोखंडे सरांना तसंच सांगितलं.